पत्र्याचा पापड : जुन्या गाड्यांना गंज आतून का लागतो?

लोकलमध्ये हेडफोन विसरलात, किंवा ऐकून झालंय पण परत एकदा निवांत वाचायचंय, अशा सगळ्यांसाठी या आठवड्याच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना माझं जे 'अं… म्हणजे…' चालू असतं तेवढं काढलंय, बाकी सगळं तसंच ठेवलंय.

आजचा विषय गंज. हो, लोखंडाला लागतो तोच. पण गेटला, खिडकीच्या गजांना लागतो तो नाही. तो दिसतो, आपण सँडपेपर मारतो, रंग लावतो, विषय संपला. आजचा गंज दिसत नाही. तो गाडीच्या पोटात, दोन पत्र्यांच्या मधल्या पोकळीत वर्षानुवर्षं काम करत बसलेला असतो आणि बाहेर येतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

मला हे कसं कळलं ते आधी सांगतो.

आमच्या आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, १९८४ सालची प्रीमिअर पद्मिनी आहे. तेव्हा गाडी बुक करून वाट बघत बसावं लागायचं, त्यामुळे गाडी दारात आली तेव्हा अख्ख्या चाळीत पेढे वाटले होते, अशी गोष्ट आमच्या घरात दर दिवाळीला सांगितली जाते. सुरुवातीची बारा-तेरा वर्षं ती माहीमला होती, समुद्राच्या वाऱ्यात. नंतर आम्ही ठाण्याला आलो. आबा गेल्यावर ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या कव्हरखाली उभी राहिली. आम्हाला वाटायचं, कव्हर घातलंय म्हणजे आपण तिची काळजी घेतोय.

मला नोकरी लागली तेव्हा पहिल्या बोनसमधून मी गाडीला नवा रंग मारून घेतला. काय चकाकत होती! फोटो टाकले, लाइक आले, बाबा खूश. पुढच्याच वर्षी ब्रेकच्या कामासाठी एका जुन्या डेंटर काकांकडे नेली. काकांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकले आणि डाव्या दाराखालच्या पट्टीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक केलं. मग टोक टेकवून जरा दाबलं. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत! रंग, त्याखाली लांबी, लांबीखाली तपकिरी भुसा. काका म्हणाले, "बाळा, वरून रंग आहे. आत पत्र्याचा पापड झालाय."

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. स्क्रीन मस्त दिसते आणि मागे सगळं कोसळलेलं असतं, हे मी ऑफिसात रोज बघतो. तरी घरच्या गाडीच्या बाबतीत मी स्क्रीनच बघत होतो. त्या दिवसापासून एकच प्रश्न डोक्यात बसला: रंग बाहेरून एवढा शाबूत असताना पत्रा आतून कसा गेला? उत्तर शोधताना शंभर वर्षांचा इतिहास सापडला, आणि तोच आज सांगायचाय.

लाकूड गेलं, पोकळी आली

सुरुवातीच्या मोटारी म्हणजे दोन वेगळ्या वस्तू होत्या. खाली जाडजूड लोखंडी चॅसिस आणि वर ठेवलेली बॉडी. बॉडीला आत लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ठोकलेला पत्रा. बैलगाडीवर टप चढवावा, तसं. पत्रा गंजला तरी गाडी मोडत नसे, कारण भार चॅसिसवर होता. चॅसिसचा पत्रा जाड आणि बराचसा उघडा, हात पोचेल असा.

मग अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड यांनी लाकूड काढून टाकलं. संपूर्ण पोलादी बॉडी, पत्र्याचे भाग दाबून बनवायचे आणि वेल्डिंगने जोडायचे. डॉज बंधूंनी १९१४ पासून अशा बॉड्या घ्यायला सुरुवात केली. इटलीत १९२२ साली लान्चिया लॅम्बडा आली, तिने वेगळी चॅसिसच काढून टाकली. आणि १९३४ मध्ये फ्रान्सच्या सित्रोएनने बड यांच्याच तंत्राचा आधार घेऊन 'ट्रॅक्सिओं आव्हां' आणली. पोलादी, वेल्ड केलेली, वेगळी चॅसिस नसलेली गाडी, तीही मोठ्या संख्येने. यालाच आपण मोनोकॉक म्हणतो. बॉडी हाच सांगाडा.

आता एक प्रयोग करा, ऐकता ऐकता करता येईल. एक कागद घ्या आणि उभा धरा. वाकतो. आता त्याचीच गुंडाळी करून नळी बनवा आणि उभी करा. वर मोबाइल ठेवलात तरी पेलेल. मोनोकॉकचं गणित हेच आहे. पत्रा साधारण एक मिलिमीटरच्या आसपास, कित्येकदा त्याहून पातळ. पण त्याला घड्या घालून, दोन तुकडे एकमेकांना जोडून बंद नळ्या बनवायच्या. दारांखाली, छताच्या खांबांत, डिकीच्या कडेला, पुढच्या चाकांच्या आत. दाराखालच्या नळीला इंग्रजीत 'सिल' म्हणतात. सिल म्हणजे शब्दशः उंबरठा. आपण गाडीत चढताना ओलांडतो तो उंबरठा गाडीचा पुढचा आणि मागचा भाग एकत्र धरून ठेवत असतो.

गाडी हलकी झाली, स्वस्त झाली, कारखान्यात झपाट्याने बनू लागली. पण एक गोष्ट नकळत झाली: गाडीचा भार उचलणारा सगळ्यात महत्त्वाचा पत्रा आता अशा जागी गेला जिथे हात जात नाही, ब्रश जात नाही, नजर जात नाही.

आबांची पद्मिनी याच कुळातली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. १९६४ पासून तिथे फियाट ११०० डिलाइट बनू लागली आणि १९७०च्या दशकात तीच गाडी 'पद्मिनी' झाली. मूळ फियाट ११०० चं हे मोनोकॉक रूप इटलीत १९५३ मध्ये आलं होतं. म्हणजे १९८४ ला आमच्या दारात आलेल्या गाडीचा सांगाडा कागदावर आबांच्या लग्नाआधीचा होता!

थेंबातलं गुपित

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. बंद जागेत गंज का वाढतो? शाळेत शिकलो ते आठवा: लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन. मग बंद नळीत तर हवा कमी. तिथे गंज कमी लागायला हवा ना?

उलटं आहे. आणि हे उलटं का, ते नीट दाखवणारा माणूस म्हणजे केंब्रिजचे यूलिक इव्हान्स. १९२०च्या दशकात त्यांनी पोलादाच्या गुळगुळीत तुकड्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला. त्यात रंग बदलणारी रसायनं मिसळली होती. थोड्या वेळाने थेंबाचा मध्य निळा झाला आणि कड गुलाबी. निळा रंग म्हणजे इथे लोखंड विरघळतंय. गुलाबी म्हणजे इथे ऑक्सिजन वापरला जातोय. थेंबाच्या कडेला पाणी उथळ, त्यामुळे हवा भरपूर मिळते. मध्यभागी पाणी खोल, हवा कमी. आणि लोखंड झिजतंय ते जिथे हवा कमी आहे तिथेच!

म्हणजे एका थेंबाखाली छोटीशी बॅटरीच तयार होते. जास्त हवेची जागा एक टोक, कमी हवेची जागा दुसरं टोक आणि झीज होते ती दुसऱ्या टोकाला. मीठ असेल तर पाण्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे बॅटरी आणखी जोरात चालते.

आता हे चित्र दाराखालच्या उंबरठ्यात न्या. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून ठरावीक अंतरावर वेल्डिंगचे टाके मारलेत. दोन टाक्यांच्या मध्ये केसाएवढी फट. पावसाचं पाणी त्या फटीत आपोआप ओढलं जातं, कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तसं. फटीत हवा कमी. तिथेच पत्रा झिजणार. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणजे तो फट फुगवतो, फट रुंद होते, आणखी पाणी शिरतं. बाहेरच्या रंगाला यातलं काही कळतच नाही. रंगावर पहिला फोड येतो तेव्हा तो आतून बाहेर आलेला असतो. तो फोड घासून वर लांबी भरणं म्हणजे भिंतीतली गळकी पाइप तशीच ठेवून ओल आलेल्या जागी डिस्टेंपर मारण्यासारखं आहे. मी पैसे देऊन नेमकं तेच करून घेतलं होतं.

आणि ते प्लॅस्टिकचं कव्हर? पावसाळ्यात मुंबई-ठाण्याच्या हवेत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. प्लॅस्टिकखाली ती ओल कोंडून राहते. आम्ही गाडी झाकली नव्हती, शिजवत ठेवली होती.

मिठाचे रस्ते

हा प्रश्न जगाला खऱ्या अर्थाने टोचायला लागला तो मिठामुळे. थंड देशांत रस्त्यावर बर्फ साचतं आणि मीठ टाकलं की ते वितळतं. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर या राज्याने १९४१-४२ च्या हिवाळ्यात मीठ टाकायचं सर्वसाधारण धोरणच स्वीकारलं, असं करणारं ते पहिलं राज्य. त्या हिवाळ्यात देशभर मिळून सुमारे ५,००० टन मीठ पडलं. १९५५ पर्यंत हा आकडा वर्षाला सुमारे १० लाख टन झाला आणि पुढच्या १५ वर्षांच्या आत जवळपास १ कोटी टन.

हे सगळं खारं पाणी चाकांनी उडून गाडीच्या खालच्या पोकळ्यांत जायचं. आपल्याकडे बर्फ नाही. पण माहीम, वर्सोवा, रत्नागिरी, मालवण, पणजी इथे राहणाऱ्यांना मीठ वेगळं टाकावं लागत नाही. ते वाऱ्याबरोबर फुकट घरपोच येतं.

मग लोक काय करत होते? आपल्याकडे जुने ड्रायव्हर गाडीच्या खाली जळकं इंजिन ऑइल फासायचे. कोळी बांधव होडीच्या लाकडाला माशाचं तेल लावत आलेत. आणि गंमत बघा, गंजरोधक रंगांच्या एका जगप्रसिद्ध कंपनीची गोष्टही माशाच्या तेलापासूनच सुरू होते. रॉबर्ट फर्ग्युसन नावाच्या स्कॉटिश जहाज-कप्तानाच्या लक्षात आलं की गंजलेल्या डेकवर माशाचं तेल सांडलं, तिथे गंज पुढे सरकत नाही. त्यावरून त्याने १९२१ मध्ये अमेरिकेत 'रस्ट-ओलियम' कंपनी काढली. तेल फटीत शिरतं, पाण्याला जागा देत नाही, हे दर्यावर चालणाऱ्या लोकांना प्रयोगशाळेशिवाय माहीत होतं.

पण तेल लावायला हात पोचायला हवा. बंद उंबरठ्यात पोचायचं कसं?

याचं एक उत्तर १९५०च्या दशकात डेट्रॉइटमध्ये सापडलं. कर्ट झीबार्ट हा जर्मनीतून आलेला मेकॅनिक. त्याची पद्धत अशी होती की चांगल्या, नव्या गाडीला मुद्दाम छोटी छोटी भोकं पाडायची. त्यातून लांब नळी आत घालायची, नळीच्या टोकाला असा नोझल की मेणकट द्रव चारही बाजूंना फवारला जाईल. फवारून झालं की भोकाला प्लॅस्टिकचं बूच. झालं! १९५९ मध्ये त्याच्या नावाची कंपनी सुरू झाली. नव्याकोऱ्या गाडीला भोकं पाडून घ्यायला लोकांनी पैसे मोजले, कारण पर्याय काय आहे ते त्यांना दर हिवाळ्यात दिसत होतं.

वीज आत शिरते

पण हे सगळं गाडी विकल्यानंतरचं. कारखान्यात काय चाललं होतं?

कारखान्यात रंग फवारला जायचा, आणि फवारा बंद नळीत शिरत नाही. म्हणून बॉडी रंगाच्या हौदात बुडवून बघितली. ब्रिटनमध्ये तर बॉडीतून आरपार दांडा घालून ती हौदात गोल फिरवायचे, शेगडीवर सळईला लावलेल्या कोंबडीसारखी! तरी दोन अडचणी राहिल्या. एक म्हणजे कोपऱ्यात हवेचे बुडबुडे अडकायचे, तिथे रंग लागायचाच नाही. दुसरी अडचण मला फार आवडते, कारण ती फक्त बंद जागेतच होते. रंग वाळवायला बॉडी भट्टीत घातली की रंगातलं पातळ द्रावक वाफ होऊन उडतं. उघड्या पत्र्यावरून ते निघून जातं. पण बंद नळीत ती वाफ अडकते, आतल्या पत्र्यावर पुन्हा थेंब होऊन जमते आणि नुकताच लागलेला रंग धुऊन काढते. म्हणजे सगळं नीट करूनही आतला पत्रा उघडाच!

फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रूअर आणि त्यांच्या गटाने १९५७ पासून यावर काम केलं. त्यांनी द्रावक जवळपास काढूनच टाकलं आणि पाणी वापरलं. पाण्यात रंगाचे विद्युतभारित कण, त्यात बॉडी बुडवायची आणि वीज सोडायची. कण पत्र्याकडे ओढले जाऊन चिकटतात. पण खरी गंमत पुढे आहे. जिथे रंग चिकटला तिथे वीज वाहणं अडतं, कारण रंग हा विजेला अडथळा. मग वीज जिथे अजून पत्रा उघडा आहे तिकडे वळते. आधी बाहेरची बाजू, मग कडा, मग आत, मग आणखी आत. वीज स्वतःच रंगवायची राहिलेली जागा शोधत जाते. १९६३ च्या सुमारास ही पद्धत प्रत्यक्ष उत्पादनात आली. पहिल्या रूपात बॉडीला धन टोक जोडायचे, त्यामुळे थोडं लोखंड रंगात विरघळायचं. १९७०च्या दशकाच्या मध्यावर मोटारउद्योगाने ही जोडणी उलटी केली, बॉडीला ऋण टोक. आज तुमच्या दारातली कुठलीही नवी कार याच प्रकारच्या हौदातून निघालेली असते.

म्हणजे बंद पोकळ्यांची गाडी १९३४ ला मोठ्या प्रमाणावर रस्त्यावर आली आणि त्या पोकळीत नीट रंग पोचायला पुढची चाळीसएक वर्षं गेली. आज आपण ज्यांना 'क्लासिक' म्हणतो त्या बहुतेक गाड्या नेमक्या या मधल्या चाळीस वर्षांतल्या. त्या गंजतात यात आश्चर्य नाही.

फोम भरला आणि फसलं

या काळातल्या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

पहिली अल्फासुद. नेपल्सजवळच्या नव्या कारखान्यात बनलेली अल्फा रोमिओची छोटी गाडी, १९७२ पासून विक्रीत. चालवायला अफलातून, असं तेव्हाचे सगळे म्हणतात. तिच्या पोकळ भागांत कृत्रिम फोम भरला होता. पोकळीच ठेवली नाही तर गंज कुठे लागणार, असं वरवर वाटतं. पण फोम म्हणजे स्पंज. पत्रा आणि फोम यांच्यामध्ये पाणी शिरलं की ते तिथेच मुरायचं, वाळायचंच नाही. कमी हवा, कायमची ओल, म्हणजे इव्हान्सच्या थेंबाचा मध्यभाग. गंज थांबवायला भरलेल्या फोमनेच गंज पोसला.

दुसरी लान्चिया बीटा. ज्या लान्चियाने चॅसिस काढून टाकायची सुरुवात केली, तिचीच. ब्रिटनमध्ये विकलेल्या सुरुवातीच्या बीटा गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स पेलणारी सबफ्रेम बॉडीला जिथे जोडलेली असते, तिथला पत्रा सडलेला आढळला. १९८० मध्ये वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर प्रकरण गाजलं आणि कंपनीने खराब झालेल्या गाड्या ग्राहकांकडून परत विकत घेतल्या. पण नाव गेलं ते गेलं. १९९४ मध्ये लान्चिया ब्रिटनच्या बाजारातून बाहेर पडली.

बाकीच्या कंपन्या हे बघतच होत्या. पोर्शने १९७५ पासून ९११ च्या बॉडीसाठी दोन्ही बाजूंनी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरायला सुरुवात केली आणि तळाच्या भागावर ६ वर्षांची हमी दिली. जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं, घरच्या मोठ्या भावासारखं. १९८०च्या दशकाच्या मध्यावर ऑडीने अख्खी बॉडी जस्ताच्या मुलाम्याची केली. त्याच दशकात जर्मन कारखान्यांत पोकळ्यांत गरम मेण ओतायची पद्धत रुळली. झीबार्टने गाडी विकल्यानंतर जे केलं, ते आता कारखान्यातच होऊ लागलं.

मग आमच्या पद्मिनीचं काय?

इथे मला एक निर्णय घ्यायचा होता. डेंटर काकांनी सरळ सांगितलं: "दोन्ही उंबरठे कापून नवीन टाकावे लागतील. नाहीतर गाडी विकून टाक. पण अशी चालवू नकोस." का? कारण उंबरठा गेला की गाडी मधून वाकू शकते आणि अपघातात माणसांना वाचवणारा पत्राच उरत नाही. ब्रिटनमधल्या वार्षिक तपासणीत नियम आहे की ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, सीट बेल्ट जिथे जोडलेत तिथून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा सडलेला असेल तर गाडी नापास. आणि मी मागच्या महिन्यात ताईच्या पोरीला त्याच गाडीतून उपवनला फिरवून आणलं होतं. ते आठवून त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमच्या डोक्यात अजून एक आकडा आहे. २०२१ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे ५० वर्षं जुनी, मूळ रूपात राखलेली खासगी गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. आमच्या गाडीसाठी ते वर्ष २०३४. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. बाबा एवढंच म्हणाले, "आबांची राहू दे."

मग आम्ही काय केलं ते क्रमाने सांगतो, तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे आत बघितलं. मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा मिळतो, लांब वायरच्या टोकाला दिवा आणि भिंग. तो दाराखालच्या भोकातून, दाराचं आतलं पॅड काढून आणि डिकीच्या कोपऱ्यातून आत घातला. झीबार्टच्या काळी ही सोय नव्हती. उजव्या उंबरठ्यात मला स्क्रीनवर गंजाचे पापुद्रे आणि त्यात अडकलेल्या गुलमोहराच्या पाकळ्या दिसल्या.

दुसरं, पाण्याची वाट मोकळी केली. दाराच्या काचेवरून पाणी दारात उतरतं, ते उतरणारच, गाडी तशीच बनवलेली असते. ते खालच्या भोकांतून बाहेर पडायचं असतं. आमच्या रंगाऱ्याने ती भोकं लांबीने बुजवली होती. वायपरखालच्या जाळीतही पानांचा चिखल होता. सगळं उकरलं, पाण्याने धुतलं.

तिसरं, कापाकापी आणि वेल्डिंग आधी, मेण नंतर. हा क्रम चुकवू नका. पोकळीत मेण असताना वेल्डिंग केलं तर आग लागू शकते.

चौथं, वाळू दिलं. आम्ही नवे उंबरठे बसवून गाडी एप्रिलच्या उन्हात दारं-डिकी उघडी टाकून ठेवली. ओल्या पत्र्यावर मेण मारलं तर ओल आतच अडकते, म्हणजे पुन्हा अल्फासुदचा फोम.

पाचवं, आत मेण फवारलं. आधी पातळ, जे फटीत झिरपतं, मग जाड, जे जागेवर टिकतं. बाजारात मेणाचे आणि लॅनोलिनचे असे दोन्ही प्रकार मिळतात. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी. पावसात भिजूनही मेंढी आतपर्यंत ओली होत नाही, ते त्याच चरबीमुळे. फवारून झाल्यावर खालची भोकं तारेने पुन्हा मोकळी केली, कारण मेणानेही ती बुजतात. दर एक-दोन वर्षांनी कॅमेरा घालून बघायचं आणि गरज वाटली तर पुन्हा फवारायचं.

आणि ते प्लॅस्टिकचं कव्हर भंगारात दिलं. आता सुती कापडाचं आहे आणि पावसाळ्यातही दर रविवारी गाडी तासभर उघडी ठेवून, चालवून आणतो.

खर्च? रंगाला जेवढा गेला होता त्याहून जास्त. आईने बिल बघितलं, मग गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "एवढे पैसे घालून नवीन काय दिसतंय?"

मी म्हटलं, "काहीच नाही."

नाही म्हणायला एक गोष्ट दिसते. मे महिन्यात ऊन तापलं की आतलं मेण जरासं पातळ होतं आणि दाराखालच्या भोकातून एक-दोन पिवळट थेंब पार्किंगच्या लादीवर पडतात. वॉचमन काकांनी तक्रार केली, "साहेब, गाडी गळतेय." बाबांनी त्यांना चहा पाजून समजावलं की तो डाग पडतोय तोवर काळजी नाही, डाग पडायचा थांबला की आम्हाला सांगा. तेव्हापासून काका दर आठवड्याला गाडीखाली वाकून बघतात आणि बाबांना वर हाक मारून सांगतात, "पडला हो!"

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरी, गावाला, काकांच्या अंगणात एखादी जुनी फियाट, अँबेसेडर किंवा कुठलीही गाडी उभी असेल, तर या रविवारी फक्त एक काम करा. दाराखाली हात घालून ती पाणी जायची भोकं मोकळी आहेत का ते बघा. आणि आत काय सापडलं ते मला कळवा. आमच्याकडे गुलमोहर होता, तुमच्याकडे काय निघतंय ते ऐकायचंय. भेटू पुढच्या भागात!